चिंध्यांची वाट

शिंपीकाका म्हणजे मोजूनमापून जगणारा माणूस. झाडीभरल्या टेकड्यांवर काकूंसोबत फिरायला गेले, तेव्हाही परतीची खूण म्हणून वळणावळणावर फांदीला चिंधी बांधत ऐटीत पुढे चालले. माथ्यावरून मागे पाहतात तो एकही चिंधी दिसेना! शेवटची बस पाचची.

“ह्या शोधताय का?” काकूंनी पिशवी उघडली. “तीस वर्षं तुमच्यामागे हेच वेचतेय. इथेही पसारा!”

काकांनी कपाळावर हात मारला. “अगं, आता उतरायचं कसं?”

“ही पिवळी वारुळापाशी उचलली, निळी ओढ्यापाशी, लाल वाकड्या झाडापाशी. देवानं मला डोळे दिलेत. चला मुकाट्यानं!”

बस दिसताच काकूंनी आधी देवाला हात जोडले, मग पिशवी काकांच्या गळ्यात अडकवली.