सीटखालचा कॉक

“गाडीचं काय घेऊन बसलात, चालवणाराच थकलाय,” काका मेस्त्रीला हळू आवाजात म्हणाले.

बाबा तीन पावलांवर, गाडीच्या नाकाशी वाकून इंजिन सुरू करायला हँडल मारत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. झेंडूचा हार मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले होते. मी ऐकलं.

दसऱ्याची सकाळ होती. आमच्याकडे खंडेनवमीला पणजोबांची फौजेतली तलवार पूजेत मांडतात. आजोबांनी ही विलायती गाडी घेतल्यापासून तलवारीशेजारी गाडीचं हँडलही असतं. पूजेत ठेवलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, त्यामुळे आदल्या दिवशी गाडी चालू करून बघायची सोय नसे. सकाळी हँडल उचलायचं, गाडी सुरू करायची आणि दांडिया बाजारातल्या देवळापर्यंत नेऊन आणायची. त्या वर्षी मात्र बाबांनी काकांना शब्द दिला होता की गाडी यंदा निघाली नाही, तर ती अलकापुरीतल्या हॉटेलवाल्याला देऊन टाकू. त्याला ती दारात शोभेला उभी करायची होती. इंजिन बंद असलं तरी त्याचं काही अडणार नव्हतं.

बाबांनी पुन्हा हँडल धरलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही, नाहीतर इंजिनने उलटा झटका दिला की मनगट जातं. हे त्यांचे हात विसरले नव्हते. हँडल फिरलं, इंजिनने एक कोरडा उसासा टाकला आणि गप्प झालं.

“दादा, बस कर,” काका म्हणाले. त्यांची नवी पांढरी छोटी गाडी फाटकाबाहेर उभी होती, किल्ली फिरवली की चालू होणारी. मग ते माझ्याकडे वळले. “गाडी इंग्रज आहे, आणि तू कॉन्व्हेंटची. तू सांगून बघ, तुझं ऐकेल.”

मेस्त्री हसला. मी हाराचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. आमच्या घरात माझ्या मराठीला हसत आणि बाहेर माझ्या गुजरातीला. बोलण्यापेक्षा बघत बसणं मला केव्हाच सोपं झालं होतं.

मेस्त्रीने प्लग काढून बोटाने चाचपला. “प्लग कोरो छे. पेट्रोल आवतुं ज नथी.” टाकीत काडी घालून पाहिली, तर ती वीतभर ओली निघाली. पेट्रोल आहे पण पुढे येत नाही, तेव्हा पंप गेला, असा त्याने निकाल दिला. “आनो पंप हवे क्यां मळे, साहेब?” असला पंप आता मिळणार कुठे, असं तो विचारत होता.

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा हात पुसत होते, बराच वेळ, स्वच्छ झाल्यावरही.

पंप गेला नव्हता. ते मला पहिल्याच हँडलला कळलं होतं. टाकीकडून येणारी नळी ड्रायव्हरच्या सीटखालून जाते, आणि तिथे, चटईच्या आड, बाबांनी स्वतः एक कॉक बसवला होता. गाडी उभी असताना पेट्रोल गळू नये म्हणून. तेव्हा मी शाळेत होते आणि बॅटरीचा उजेड धरून शेजारी बसले होते. आम्हा दोघांशिवाय तो कोणाला ठाऊक नव्हता. गाडी लावली की कॉक बंद, काढायची की आधी तो उघडायचा. इतक्या वर्षांत बाबा एकदाही चुकले नव्हते. त्या सकाळी ते सीटकडे गेलेच नाहीत.

उन्हाळ्यात ते एकदा सयाजीगंजमधून रिक्षाने घरी आले होते. स्कूटर कुठे आहे, असं मी विचारलं. ते दारातच उभे राहिले. आपण स्कूटर घेऊन गेलो होतो, हे त्यांना तेव्हा आठवलं. मी जाऊन स्कूटर आणली. “आईला सांगू नकोस,” एवढंच ते म्हणाले. मी सांगितलं नाही. आईला नाही आणि कोणालाच नाही.

आता कॉकचं नाव काढलं असतं, तर गाडी वाचली असती. पण काकांचं ते हळू आवाजातलं वाक्यही खरं ठरलं असतं, मेस्त्रीसमोर, बाबांसमोर. नाव काढलं नाही तर गाडी जाणार होती.

“उद्या हॉटेलवाल्याला बोलावतो,” काका म्हणाले. बाबांनी होकाराची मान हलवली.

मी हार पायरीवर ठेवला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, गुडघ्यावर बसून चटई बाजूला केली आणि कॉक आडवा होता तो उभा केला. मग बाबांपाशी गेले आणि टेकवून ठेवलेलं हँडल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सीटकडे. त्यांचा चेहरा स्कूटरच्या त्या दिवशी दारात झाला होता तसा झाला.

त्यांनी दहा-बारा वेळा हँडल नुसतं सावकाश फिरवलं, पेट्रोल वर येईपर्यंत. मग स्विच लावला आणि एक झटका दिला. इंजिन खोकलं, थांबेल असं वाटलं, थांबलं नाही. बॉनेट थरथरायला लागलं.

“आत काय केलंस गं?” काकांनी विचारलं. मेस्त्रीही बघत होता. बाबा हँडल हातात धरून जमिनीकडे पाहत होते.

इंजिनच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं.

“सीटखाली पेट्रोलचा कॉक आहे, काका. तो उघडायचं काम माझं होतं. मी विसरले.”