तकलीफ नहीं, साब

मी हवालदार कुंडलिक शिरसट, निवृत्त. गाव मोहोळ तालुक्यातलं, बिऱ्हाड सोलापुरात आणि नोकरी एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहण्याची. जन्मभर कामाला वाघ म्हणवून घेतलं, पण माझ्या दोन्ही किडन्या कामचुकार निघाल्या. डॉक्टर म्हणाले, मीठ सोडा आणि उभ्याची ड्युटी सोडा. मीठ सुटलं म्हणजे शेंगाचटणी सुटली. सोलापूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोर्टही देत नाही, तरी ती सोसली. ड्युटी मात्र सोडता येईना. त्यासाठी अपंगत्वाची पेन्शन मिळायला हवी होती, आणि आजार फौजेच्या नोकरीतच जडला हे मान्य झाल्याशिवाय ती मिळत नाही. फौजेचं म्हणणं, तसं काही झालेलं नाही. या कामी फौजेच्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार होतो मी.

त्याचं असं झालं. निवृत्तीच्या वेळी डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं केलं. लघवीच्या तपासणीत दोष निघाला होता, पायांवर सूज होती. कर्नलसाहेबांनी विचारलं, "कोई तकलीफ?" माझ्या टाचा आपोआप जुळल्या, छाती पुढे आली आणि तोंडातून निघालं, "नहीं, साब."

"ये सूजन कब से है?"

"अभी अभी, साब."

यात विचार असा काही नव्हता. पलटणीत ज्याला तकलीफ असते त्याला कामचोर म्हणतात, म्हणून सगळी नोकरी मी हे एकच उत्तर घोटलेलं. साहेबांनी मी सांगितलं तेच लिहिलं आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही असं ठरलं. पहिलं अपील माझ्याच जबाबावर आपटलं.

दुसरं अपील सुभेदार गुरुबसप्पांनी लिहून दिलं. ते आमच्याच गल्लीत राहतात आणि माजी सैनिकांची अशी कामं हौसेनं करतात. माझा जुना जबाब वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "कुंडलिक, दुश्मनानं तुझं एवढं नुकसान केलं नसतं बघ." त्यांच्या खटपटीनं पुण्याच्या लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मिळाली. कधीपासून दुखतंय ते तिथं खरं सांगायचं, एवढंच माझं काम होतं.

एवढंच मला जमत नव्हतं. मग घरी तालीम सुरू झाली. माझी बायको वैजयंती कर्नल झाली. खुर्चीत बसून पदर सावरत ती फौजी हिंदीत विचारी, "कोई तकलीफ?" मी ताडकन उभा राही. "नहीं, साब."

"अवो, पाय सुजत्यात म्हणा की."

एकदा म्हणालो खरं, पण आवाज असा की पाय सुजवल्याबद्दल मला पदक मिळणार आहे. वैजयंती हसून हसून खुर्चीतच वाकली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मला तर मरायच्या आधी पेन्शन हवी होती.

पुण्यात तीन डॉक्टर समोर बसले होते. वैजयंतीला दाराजवळ बसू दिलं होतं. मधल्या कर्नलसाहेबांनी विचारलं, "कैसे हो, हवालदार? कोई तकलीफ?"

"नहीं, साब."

दाराजवळ वैजयंतीनं कपाळाला हात लावला. मला माझीच मुंडी मुरगाळावीशी वाटली. आता जन्मभर बँकेचं दार राखायचं, असं मनाशी ठरवून मी ताठ उभा राहिलो. तेवढ्यात कडेच्या खुर्चीवरच्या तरुण मेजरबाई कागद बघता बघता मराठीत म्हणाल्या, "काका, बसा बरं. लघवीला फेस कधीपासून येतो?"

'काका' म्हटल्यावर टाचा कशा जुळवायच्या, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी बसलो आणि सगळं भडाभडा बाहेर आलं.

"राजस्थानात हुतो तवापास्नं, ताई. पाय इतकं सुजायचं, मला वाटलं बूटच आटलं. एक नंबर मोठं मागून घेतलं. कमरंत लई कळ यायची. मूठ मूठ गोळ्या खायचो आन् परेडला जायचो. कुणाला बोललो न्हाय."

"घरी सांगितलंत?"

"न्हाय."

त्या लिहीत होत्या आणि मी लहान पोरासारखा रडत होतो. लाज वाटली, पण फार हलकंही वाटलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. भरतीच्या वेळी माणूस धडधाकट होता, आजार सेवेतच जडला, हे मान्य झालं. मी बँकेची बंदूक परत केली. गुरुबसप्पा पेढे घेऊन आले, माझ्या पेन्शनपेक्षा स्वतःच्या मसुद्याचं कौतुक करून गेले. वैजयंतीनं पेढ्याला हात लावला नव्हता.

ते गेल्यावर ती म्हणाली, "राजस्थानात असताना तुमी सुट्टीवर आला हुता. माझ्या म्हायेरी, माढ्याला, दिसभर वाकून ज्वारी उपटली. मी म्हणलं, चेहरा उतरलाय, काय दुखतंय का? काय म्हणला हुता?"

"कायबी न्हाय म्हणलो."

"आन् मी सगळ्या गावात सांगत फिरले, माझा नवरा दमत न्हाय. त्या पोरीनं एकडाव इचारलं तर घडाघडा सांगितलं. मी इतकी वर्सं इचारतीया."

मी ओशाळलो. काहीतरी सावरायचं म्हणून म्हणालो, "अगं, फौजेत समदं हिंदीत चालतं. ती मराठीत बोलली, म्हणून जीभ सुटली."

वैजयंतीनं पेढ्यांचा पुडा माझ्यापुढून उचलला.

"मग मी कंच्या भाषेत इचारत हुते?"