गोरेगावच्या बाजारातला बोलका कम्प्युटर

आमच्या पदवीचं नाव लांबलचक होतं आणि त्यात ‘इंटरॅक्टिव्ह कम्प्युटिंग’ असे दोन शब्द यायचे. गोंदियातल्या एका खाजगी कॉलेजात हा कोर्स नुकताच सुरू झाला होता आणि मी आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावहून रोज अपडाऊन करायची. कोणी विचारलं तर बाबा सांगायचे, "कम्प्युटरशी बोलाचं शिकून राहिली." बाबा राइस मिलमध्ये कामाला होते. तिथल्या आवाजात माणसाशी बोलणं अवघडच, त्यामुळे मशीनशी बोलायला पोरीनं तीन वर्षं शिकावं यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं. आमचं प्रॅक्टिकल आणि लाइट जाणं यांची वेळ एकच. टाइमटेबल बदलायला प्राचार्य तयार नव्हते, कारण ते छापून झालं होतं. मग आमच्या सरांनी एक तोड काढली. सर गोंदियाचेच, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. ते बंद मॉनिटरांच्या पुढं उभे राहिले आणि म्हणाले, "समझो मैं कम्प्युटर हूँ. आता चालू करा मला."

आम्ही त्यांना चालू केलं. कोणी म्हणायचं, "सर, राइट क्लिक." सर सगळा मेनू वरून खालपर्यंत म्हणून दाखवायचे. एकदम दोघांनी वेगवेगळं काही सांगितलं की ते डोळे मिटून म्हणायचे, "हँग हो गया," आणि चहाला निघून जायचे. एकदा एका मुलीनं उगाच "सिलेक्ट ऑल, डिलीट" म्हटलं. सरांनी विचारलं, "आर यू शुअर?" ती हो म्हणाली. सरांनी हजेरीपट उचलला आणि ते वर्गाबाहेर गेले. बऱ्याच वेळानं कोणाला तरी रिसायकल बिन आठवला. मग आम्ही स्टाफरूममध्ये जाऊन "रिस्टोअर" म्हणून त्यांना परत आणलं. हे सगळं आम्ही हसत नव्हतो, वहीत लिहून घेत होतो. पेपरात यायचं ते.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट होता. जोडीला माझी मैत्रीण होती, तिरोड्याकडच्या पोवार शेतकरी घरातली, बोलायला धीट आणि कोणत्याही गोष्टीची लाज नसलेली. पुस्तकात उदाहरण होतं की ग्राहक मॉलमध्ये शिरतो, दारातल्या पडद्याला बोट लावतो आणि पडदा त्याला सांगतो कोणतं दुकान कुठं आहे. मॉल आम्ही दोघींनी पाहिला नव्हता, सरांनीही नव्हता. सरांनी विचार करून सांगितलं, "अपने यहाँ मॉल म्हणजे बाजार. गोरेगावचा आठवडी बाजार घ्या."

त्या बाजारात कांदे कुठं मिळतात हे तिथल्या बैलांनाही ठाऊक होतं. पण विषय मंजूर झाला होता.

एका बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी फिरून नकाशा काढला. त्या दिवशी मधल्या जागेत कोणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडून राहिला होता, म्हणून वांगीवाले बांगड्यांच्या जागी, बांगडीवाल्या दोरखंडाच्या जागी आणि दोरखंडवाला पार सुक्या मासळीच्या पलीकडं सरकला होता. आम्ही जसं दिसलं तसं काढलं. मग मैत्रिणीनं आवाज रेकॉर्ड केला. परीक्षक नागपूरचे येणार म्हणून तिनं पाठ्यपुस्तकातली भाषा वापरली. बटण दाबलं की कम्प्युटर म्हणायचा, "कृपया आपणांस हवी असलेली वस्तू निवडावी."

प्रोजेक्टच्या नियमात लिहिलं होतं की खऱ्या लोकांकडून वापर करून घ्यावा. कॉलेजनं एक जुना कम्प्युटर दिला. तो मॉनिटर मी गोंदियाहून बसमध्ये रजईत गुंडाळून मांडीवर आणला. शेजारच्या बाईंनी अर्ध्या वाटेपर्यंत पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "किती महिन्याचा आहे?" मी म्हटलं कम्प्युटर आहे. त्या म्हणाल्या, "असू दे, ऊन लागू नको देऊ."

मैत्रिणीच्या काकांचं बाजाराच्या कडेला कृषी केंद्र होतं. त्यांच्या ओसरीत, खताच्या पोत्यांपुढं टेबल मांडून आम्ही कम्प्युटर ठेवला. पडद्यावर चित्रांची बटणं होती. टचस्क्रीन काही आमच्याकडं नव्हती, त्यामुळे माणसानं काचेला बोट लावलं की मैत्रिणीनं बाजूनं माऊस दाबायचा असं ठरलं होतं. पण बोट लावायलाच कोणी तयार होईना. एकानं लावलं, त्याच्या हातावरचे केस उभे राहिले. "करंट मारते," असं तो पुढं सगळ्यांना सांगत गेला.

मग खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक म्हातारा आला. त्यानं बटणांकडं पाहिलंच नाही. मशीनसमोर नीट उभा राहून त्यानं विचारलं, "माही बुढी कोटी गेली?"

कम्प्युटर म्हणाला, "कृपया आपणांस हवी असलेली वस्तू निवडावी."

"वस्तू नाई. बुढी."

मैत्रीण गडबडली आणि माऊसवर तिचा हात कुठंतरी पडला. कम्प्युटर म्हणाला, "सुकी मासळी. उजव्या हातास, शेवटी." म्हातारा उजव्या हाताला शेवटपर्यंत गेला. त्याची बायको तिथंच होती, बोदलकस्याहून आलेल्या मासळीवालीशी भाव करत.

त्यानंतर कांद्याचं बटण दाबायला कोणी आलंच नाही. लोक माणसं विचारायला लागले. भाऊ कुठं आहे, सून कुठं आहे, ज्याच्याकडून कोंबडी घेतली तो माणूस कुठं आहे. कम्प्युटरनं एकदोनदा कांद्याचा पत्ता सांगितला आणि उन्हानं तापून बंद पडला. लोक मात्र समोरच थांबले. कोणी म्हणालं, इचार करून राहिली मशीन.

तेवढ्यात सर मोटरसायकलवरून पाहणीला आले. त्यांनी गर्दी पाहिली, बंद पडलेला कम्प्युटर पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "मी तीन साल कम्प्युटर झालो. आता तू हो." मला वाटलं ते वैतागून बोलत आहेत. पण त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून पान दाखवलं. खरंच तसं लिहिलं होतं. मशीन तयार नसेल तर पडद्यामागं माणूस बसवावा, त्यानं मशीनच्या वतीनं उत्तरं द्यावीत आणि लोक कसे वागतात ते नोंदवावं. ही जगभर मान्य पद्धत आहे, असं सर म्हणाले. एवढं सोपं होतं तर आम्ही तीन वर्षं काय शिकलो, हे विचारायला वेळ नव्हता.

खताच्या ताडपत्रीचा आडोसा करून मी मागं बसले. आवाज बाहेर जाईना, म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराचा माईक आणि भोंगा आणावा लागला. बाबा विहाराच्या समितीत होते, किल्ली त्यांच्याकडं असायची. त्यांनी फक्त कशाला ते विचारलं. कम्प्युटरला आवाज पाहिजे, असं मी सांगितलं. "जास्त जवळ घेऊन बोलू नको, फाटते," एवढं सांगून त्यांनी माईक हातात दिला.

ताडपत्रीला एक भोक होतं. त्यातून मला अर्धा बाजार दिसायचा. अर्ध्या बाजाराला मी ओळखतही होते. कोणी विचारलं की मी म्हणायची, लुगडं कोणत्या रंगाचं, पिशवी हातात आहे की डोक्यावर. मग भोंग्यातून सांगायची, हिरव्या लुगड्याच्या बाई, तुमचे भाऊ कृषी केंद्रापाशी उभे आहेत. एक हिरव्या लुगड्याची बाई तावातावानं आली. तिला भावाला भेटायचंच नव्हतं.

ती पडद्याला म्हणाली, "मले हाका मारनारी तू कोन?"

चूक कोणाचीही असली तरी यंत्रानं आधी माफी मागावी, असं पुस्तकात होतं. मी माफी मागितली. तिनं आणखी सुनावलं, मी आणखी मागितली. असं बराच वेळ चाललं. शेवटी ती शांत झाली आणि जाताना मैत्रिणीला म्हणाली, "आतली बाई चांगली आहे. घरचेही नाई आयकत एवढं."

चौथ्या बाजाराला बाबा आले. मी त्यांना भोकातून पाहिलं. अंगात मिलचा शर्ट, हातात पिशवी. त्यांच्या मागं पाच-सहा माणसं उभी होती. बाबा पडद्यासमोर आले. माईक त्यांचाच, आवाज त्यांच्या पोरीचा, तरी त्यांनी मशीनला अहोजाहो केलं.

"जेवल्या का?"

"हो," मी म्हटलं.

"पानी आहे आतमध्ये?"

"आहे."

ते जातील असं मला वाटलं. पण ते तिथंच थांबले. पिशवीचा बंद नीट करत राहिले.

"शिकनं झाल्यावर नागपूरले जाऊन राहाचं म्हनता का तुम्ही?"

हे त्यांनी घरी कधीच विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली. यंत्रानं फार वेळ गप्प राहू नये, काम चालू आहे असं माणसाला कळवत राहावं, हेही आम्ही शिकलो होतो. मैत्रिणीला ते आठवलं. "लोडिंग होऊन राहिलं, काका," ती म्हणाली. बाबांनी मान डोलावली आणि ते लोडिंग व्हायची वाट पाहत उभे राहिले. मागचे लोकही थांबले, कोणी घाई केली नाही.

मग मी म्हटलं, "हो. जायचं आहे."

"बरं," बाबा म्हणाले. पुढच्या माणसाला जागा करून देऊन ते वांगी घ्यायला गेले. संध्याकाळी घरी दोघांनीही तो विषय काढला नाही. वांगी मात्र चांगली निघाली.

ती वांगी त्यांनी बांगड्यांच्या जागेवरून आणली होती. कारण तोवर बाजारात वेगळाच घोळ झाला होता. माणसांसोबत लोक आता वस्तूही विचारायचे, त्या मी ताडपत्रीमागून आमच्या नकाशाप्रमाणे सांगायची आणि नकाशा ट्रॅक्टरवाल्या दिवसाचा होता. वांग्यांसाठी निघालेलं माणूस बांगड्यांपुढं जाऊन उभं राहायचं. तिथं वांगी नाहीत असं दिसलं की ते मशीनला काही बोलायचं नाही, वांगीवाल्याला जाऊन बोलायचं. तुझी जागा तिकडं आहे, इकडं काऊन बसला? दोन बाजार वांगीवाल्यानं ऐकून घेतलं, तिसऱ्याला तो मुकाट बांगड्यांच्या जागी जाऊन बसला. मग बांगडीवालीनं दोरखंडवाल्याला उठवलं. तो मासळीच्या पलीकडं गेला. ट्रॅक्टर कधीच दुरुस्त होऊन गेला होता, पण पुरा बाजार तो अजून तिथंच असल्यासारखा वळसा घालून बसू लागला. मधली जागा मोकळी. तिथं बसायला गेलेल्या एका लसूणवालीला लोकांनीच उठवलं. कम्प्युटरमध्ये तिथं कोणी नाही, असं त्यांनी तिला सांगितलं.

आम्ही घाबरून सरांकडं गेलो. नकाशा दुरुस्त करायचा का, असं विचारलं. सरांनी बाजार पाहिला, नकाशा पाहिला आणि ते म्हणाले, "आता तर बरोबर आहे. बदलला तर चुकेल."

परीक्षेच्या दिवशी नागपूरहून बाहेरचे परीक्षक आले. बारीक, गंभीर गृहस्थ, सारखे घड्याळ पाहणारे. नेमका त्या दिवशी लाइट गेला नाही, त्यामुळे सगळ्यांचीच पंचाईत झाली. कम्प्युटर चालू होता, पण त्याला कांदे आणि मासळीशिवाय काही सांगता येत नव्हतं. सरांनी लॅबच्या कोपऱ्यात चादर बांधली आणि मला मागं बसवलं.

परीक्षकांनी मशीनला विचारलं की प्राचार्यांची खोली कुठं आहे. मी सांगितलं. ग्रंथालय कुठं आहे, तेही सांगितलं. ते खुश झाले. मग त्यांनी मैत्रिणीला विचारलं की ही उत्तरं यंत्र तयार कसं करतं.

"सर, ती मागं बसली आहे," मैत्रीण म्हणाली.

परीक्षक उठले, चादर बाजूला करून त्यांनी आत पाहिलं. माईक हातात घेऊन मी स्टुलावर बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनीही केला. सरांनी लगेच पुस्तकाचं पान पुढं धरलं. परीक्षकांनी ते शांतपणे वाचलं, चादर परत जशीच्या तशी लावली, आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि पडद्याकडं तोंड करून पुढचा प्रश्न विचारला.

"मला नागपूरची गाडी मिळेल काय?"

"आता उठलात तर मिळेल," मी माईकमधून म्हटलं.

ते उठले. जाताना त्यांनी यंत्राचे आभार मानले. आम्हा दोघींना प्रोजेक्टमध्ये वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं, उत्तरं नैसर्गिक वाटतात.

कम्प्युटर कॉलेजातच राहिला, भोंगा विहारात परत गेला. निकाल लागायच्या आधी एकदा आईनं मला बाजारात पाठवलं. वांगीवाल्याला मी भाव विचारला आणि तो एकदम सावरून बसला. आवाजावरून त्यानं ओळखलं होतं. "तू तं ते कम्प्युटर," तो म्हणाला. शेजारची बांगडीवाली वळून पाहायला लागली. मी भाव कमी कर म्हटलं, तर तो हसून म्हणाला, बाकी बाया घासाघीस करतात, कम्प्युटरनं करू नये. टमाटरवालीनं तेच ऐकवलं, सांभार म्हणजे कोथिंबीर विकणारीनंही. वर दोघातिघांनी आपापली माणसं कुठं आहेत ते विचारून घेतलं. घरी आल्यावर पिशवीतलं काय कितीला पडलं हे आईनं ऐकलं, आणि मी नागपूरला जाईपर्यंत तिनं मला पुन्हा बाजारात पाठवलं नाही.