तळघरातल्या सिस्टर

सिस्टर पेशंटचं प्रेशर घेण्याआधी त्याचा हात हातात घेऊन बसत. नाडी बघायला नव्हे, नुसताच. बाहेर रांग असो, मी घड्याळाकडे बघत असो, त्यांना घाई नसे. "या माणसाला आज कोणी हात लावलाय की नाही, आपल्याला काय माहीत?" असं त्या म्हणत.

डेट्रॉइटच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत, चर्चच्या तळघरात, दर शनिवारी त्यांचा मोफत दवाखाना चाले. मी डॉक्टर म्हणून तिथे नोव्हाय या उपनगरातून ड्राइव्ह करत जायची. आमच्याकडे नर्सला सिस्टर म्हणतात, त्यांच्या चर्चमध्ये प्रत्येक बाईला. त्यामुळे हाक मारायला वेगळं नाव शोधावं लागलं नाही. वय ऐंशीच्या घरात, कमरेत वाकलेल्या, पण बूट पांढरेशुभ्र.

साठच्या दशकात, नर्सिंग शिकत असताना, त्या अमेरिकेच्या दक्षिणेत गेल्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी माणसं मैलोन् मैल चालत निघाली होती आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर-नर्सेसची एक तुकडी होती. मी भारावून विचारलं, मोठमोठी भाषणं ऐकली असतील ना? "भाषणं मी मागाहून वाचली. तेव्हा मी फोड आलेले पाय बघत होते." पोलिसांच्या अश्रुधुराने लाल झालेले डोळे त्यांनी धुतले, फुटलेली डोकी बांधली. एका जखमी म्हातारीला गावच्या इस्पितळाने दारातूनच परत पाठवलं, तेव्हा एका शिक्षकाच्या स्वयंपाकघरात तिला टाके घातले. तिचं डोकं सिस्टरांच्या मांडीवर होतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. काम झालं, एवढंच समाधान असे.

एका शनिवारी मुलाकडे राहायला आलेले पुण्याचे एक काका दवाखान्यात आले. इन्शुरन्स नव्हता, डोकं दुखत होतं. मराठी डॉक्टर बघून खूश झाले. नागपूरची आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "नागपुरात कुठे?" मी म्हणाले, इंदोरा. आमची बौद्ध वस्ती. त्यांनी छातीवरचं माझं आडनाव वाचलं, वर केलेली बाही हळूच खाली ओढली आणि दुसरे डॉक्टर असले तर बघा म्हणाले.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. सिस्टरांना भाषा कळली नव्हती, पण बाही दिसली होती. त्या दिवशी मी या देशात पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या तरुणपणातल्या एका गोऱ्या पेशंटची गोष्ट सांगितली. पाय मोडलेला होता, तरी तो दुसरी नर्स मागत होता. दुसरी नव्हतीच.

"मग तुम्ही काय केलंत?"

"थांबले. मी गेले असते, तर त्याचा पायही तसाच राहिला असता आणि माझं कामही."

मी परत गेले. "काका, आज इथे डॉक्टर मीच आहे. प्रेशर बघू या." त्यांनी भिंतीकडे बघत हात पुढे केला. प्रेशर भयंकर वाढलेलं होतं. त्यांना तातडीने इमर्जन्सीत पाठवलं. दोन आठवड्यांनी मुलाला घेऊन ते परत आले, माझ्याकडेच.

पुढे माझ्या हॉस्पिटलच्या भेदभावविरोधी नियमावलीत, वंश आणि धर्माच्या जोडीला 'जात' हा शब्द यावा, म्हणून मी अर्ज केला. सोडून दे ना यार, असं ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सुचवलं. सिस्टर मात्र वॉकर घेऊन हॉस्पिटलच्या कमिटीसमोर आल्या. दोनच वाक्यं बोलल्या: "हा शब्द मी हिच्याकडून शिकले. दुखणं मला आधीपासून माहीत होतं."

निर्णयाला सात महिने लागले. तोवर त्यांनी अंथरूण धरलं होतं. मी धावतच बातमी सांगायला गेले: शब्द आला.

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "सगळे हो म्हणाले?"

"दोघं नाही म्हणाले."

"मग पुढच्या मीटिंगलाही जा."

सिस्टर महिनाभरात वारल्या. चर्चमध्ये लोक रडले, तितकेच गायलेही. कमिटीची पुढची मीटिंग नेमकी त्याच दुपारी होती. मी दफनभूमीतून थेट तिकडे गेले आणि नाही म्हणालेल्या त्या दोघांच्या समोरची खुर्ची ओढून बसले.