बाटलेली बिअर

मराठीत ‘बाटली’ हा शब्द दोन कामं करतो, एक नामाचं आणि एक क्रियापदाचं. माझी बिअर पहिल्या बाटलीत जायच्या आधीच दुसऱ्या अर्थानं बाटली. बाटवली माझ्याच घरातल्या दोघांनी. नवऱ्यानं आज्ञाधारकपणापायी, सासूबाईंनी कढीपायी.

इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीत आमचा एका बेडरूमचा फ्लॅट आहे. फ्रिजचे खालचे कप्पे काढून मी तिथे बिअरचा मोठा डबा बसवला होता. घरी बिअर करणं इथल्या कायद्यात बसतं का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारून उगाच कुणाला त्रास का द्या? नोकरी खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात. दिवसभर लोकांना हात धुवायला सांगायचं आणि घरी येऊन आपण नळ्या धुवायच्या. नवरा म्हणतो, मी बिअर कमी करते आणि भांडीच जास्त घासते. पिताना मात्र त्याला हे आठवत नाही.

सासूबाई नाशिकहून राहायला आल्या, तेव्हा सुती साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेला एक स्टीलचा डबा त्यांच्या बॅगेत होता. डब्यात विरजण. लग्नात त्यांच्या आईनं दिलेलं. रोज त्यातलं थोडं मागे ठेवायचं, रोज त्यानं नवं दही लावायचं, असं ते आजवर कधी मोडलं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा केला. म्हटलं, “आई, कशाला एवढा खटाटोप? इथे दही मिळतं, लबान मिळतं.” लबान म्हणजे इथलं ताक. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला बाजूला सारला. “लबान नव्हे, लबाड आहे हे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आईचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. आहे ते एवढंच.”

त्यांनी विरजण एका लोटीत काढलं. मी फ्रिजमध्ये त्या लोटीला माझ्या बिअरच्या डब्याशेजारी जागा करून दिली. माझ्या डब्यात काय आहे, असं त्यांनी विचारल्यावर ‘आंबवलेली कांजी’ असं सांगून मोकळी झाले.

आता थोडं शास्त्र. बिअर आंबून झाली की बाटल्यांत भरण्याआधी ती चांगली गार करायची. गाळ खाली बसतो आणि वर नितळ बिअर राहते. भानगड अशी की, गार होताना डब्यातली हवा आकसते आणि डबा बाहेरचं मिळेल ते आत ओढतो. मी याला उलटा घोट म्हणते. एकदा माझ्या बिअरनं फ्रिजमधला लसणाच्या चटणीचा वास ओढून घेतला होता, ती बिअर नवऱ्यानं भाकरीबरोबर संपवली. तेव्हापासून झाकणातून निघणाऱ्या नळीचं टोक मी उकळून गार केलेल्या पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवते. ओढलंच तर निदान स्वच्छ पाणी ओढेल. नवऱ्यालाही बजावलं होतं, “नळीचं तोंड उघडं राहता कामा नये. कायम कशात तरी बुडलेलं पाहिजे.”

कशात तरी! क्वालिटीत पगार घेणाऱ्या बाईनं इतकं मोघम बोलावं?

त्या दिवशी सासूबाईंनी कढीसाठी सगळं दही घुसळलं आणि लोटीभर ताक विरजणासाठी मागे ठेवलं. मी फ्रिजची थंडी वाढवून बिअर गार करायला लावली. संध्याकाळी नवरा अल क्वोजच्या गोडाऊनमधून घामानं निथळत आला आणि त्यानं फ्रिज उघडला. समोर पेलाभर थंडगार पाणी. त्यानं ते घटाघटा पिऊन टाकलं. मग त्याला माझी आज्ञा आठवली, म्हणून त्यानं नळीचं टोक शेजारच्या भांड्यात नीट बुडवलं आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात तो अंघोळीला गेला.

सकाळी स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली. “अगं, लोटी कोरडी कशी?”

मी जाऊन पाहते तो लोटीत नुसती नळी. वाकून डब्यात पाहिलं. नितळ व्हायला ठेवलेल्या बिअरमध्ये पांढरे ढग तरंगत होते.

“अरे, हे काय केलंस?” मी नवऱ्यावर ओरडले.

“पाणी होतं, प्यायलो. मग ट्यूब लगेच बाजूला डिप केली ना! तूच इन्स्ट्रक्शन दिली होतीस यार.”

खोटं कशाला बोलू, पहिलं दुःख मला बिअरचंच झालं. एवढ्या कष्टाचा माल! मग मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या रिकामी लोटी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या आणि एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या.

“नाशिकला शेजारच्या काकूंकडे थोडं ठेवलंय ना?” नवऱ्यानं विचारलं.

“तिनं त्यात पाकिटातलं मिसळलं. बाटवलं.” मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “सगळं त्या कांजीत गेलं का?”

“आई, ती कांजी नाही...”

“ठाऊक आहे. कांजी पिऊन माणूस एवढा हसत नाही. त्यातून परत काढता येईल का, तेवढं सांग.”

येणार नव्हतं. बिअरमध्ये मी हॉप्सची कडू फुलं घालते, ती दह्याच्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. म्हणजे विरजण नेमकं वैऱ्याच्या घरी जाऊन पडलं होतं. आनंदावर विरजण पडतं असं आपण म्हणतो, पण विरजणावरच असा प्रसंग आला तर काय म्हणायचं, याची सोय भाषेत नाही.

तेवढ्यात नवऱ्यानं, आता तरी उपयोगी पडावं म्हणून, नळी सिंकमध्ये नेऊन नळ सोडायला हात पुढे केला.

“थांब!” मी इतक्या जोरात किंचाळले की तो मागेच सरकला. “पाणी लागलं ना त्या नळीला, तर तुझी खैर नाही!”

नळ्या धुण्यात माझं आयुष्य गेलंय. कितीही धुवा, वळणात काहीतरी चिकटून राहतंच आणि पुढची बिअर नासवतं. या एका गोष्टीसाठी मी नळ्यांचा जन्मभर द्वेष केला. आता तीच नळी उजेडात धरली. वळणात ताकाचा पांढरा ओघळ होता.

सासूबाईंनी दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली आणि ते नळीतून हळूहळू लोटीत सोडलं. विरजणाला ऊब हवी म्हणून स्वयंपाकघरातला एसी बंद. बाहेर ऑगस्ट. आम्ही तिघं घाम पुसत त्या लोटीभोवती बसून राहिलो. सासूबाई जेवल्या नाहीत. नवरा मधूनच “लागेल, इन्शाल्ला” म्हणायचा आणि आईनं पाहिलं की गप्प व्हायचा.

संध्याकाळी त्यांनी लोटी कलती केली. दही हललं नाही. बोटानं जरासं चाटलं आणि डोळे मिटले.

“तेच आहे.”

क्वालिटीची बाई म्हणून सांगते, याला पुरावा काहीही नाही. तरीही मी डोळे पुसले.

मग उरली बाटलेली बिअर. मी डबा उचलून सिंकपाशी नेला.

“काय करतेस?” सासूबाईंनी विचारलं.

“ओतून टाकते. खलास झाली ती, आई. ताक फुटलंय सगळं तिच्यात.”

“खबरदार ओतलीस तर. माझी आई आहे त्यात.”

त्यांनी स्वतः मांडणीवरचा स्टीलचा पेला काढला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढे धरला. जन्मात थेंबाला न शिवलेली बाई. नवरा आ वासून बघत राहिला. मी ओतायला लागले, तशी त्यांनी पेल्यावर हात आडवा धरला.

“अर्धाच भर,” त्या म्हणाल्या. “आईसमोर जास्त बरं दिसत नाही.”