शांत झालेली मावशी

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात माझी मावशी खुर्चीत बसली होती. डोळे अर्धवट मिटलेले, हनुवटीवरून लाळ ओघळत होती. महिन्यापूर्वी हीच मावशी रोज दुपारी दाराची कडी वाजवून "मला शाळेत जायचंय, पोरी खोळंबल्यात" म्हणून भांडायची. तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलेली बाई. नावं, चेहरे सगळं विसरली होती, पण वेळेवर पोचायची घाई गेली नव्हती.

"बघा, किती शांत झाल्यात!" व्यवस्थापक बाई कौतुकानं म्हणाल्या. "रात्रीची गोळी आता सकाळीही देतो."

शांत! हा शब्द इतका स्वस्त कधी झाला? म्हातारीशी बोलायला कुणी नाही, तिला अंगणात फिरवायला कुणी नाही, म्हणून तिला गोळी देऊन खुर्चीत निजवायचं आणि वर स्वतःची पाठ थोपटायची. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं, 'सेवा हाच धर्म'. मला स्वतःचीही किळस आली, कारण मावशी शांत झाल्याचं फोनवर ऐकून मीसुद्धा "बरं झालं" म्हणाले होते.

मी डॉक्टरांना गाठलं आणि सकाळची गोळी हळूहळू बंद करायला लावली. तीन आठवड्यांनी गेले, तेव्हा मावशीनं मला ओळखलं नाही. मी तिचे केस विंचरू लागले तशी माझा हात झटकून ती कडाडली, "ए बाई, कोण तू? सोड मला!"

"बघा, झाला त्रास सुरू," व्यवस्थापक बाई पुटपुटल्या.

मला मात्र कितीतरी दिवसांनी मावशी भेटली होती.