बाबांनी न काढलेला दाखला

बारावी नसलेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून मुक्त विद्यापीठात पदवीला जाता येतं, हे मला पुण्यात एका वसतिगृहात पोळ्या लाटताना कळलं. तिथल्याच एका मुलीनं माझा अर्ज भरायला घेतला. तिचे उपकार कसे फेडू? पण शेवटच्या दिवशी दुपारी अर्ज अडला. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, पाचच्या आत.

आठवीत आई आजारी पडली आणि मी घरी बसले ती बसलेच. वाशीमजवळ आमच्या वांग्याच्या वावरात काम करणाऱ्या बाबांना मी फोन लावला.

"दाखला त काढलाच नाही," बाबा म्हणाले.

"काहून?"

"काढला असता त शाळा खरंच सुटली असती ना तुई."

मला रडूच कोसळलं. एवढी वर्षं ते माझ्या परतण्याची वाट पाहत होते, आणि त्यापायीच आता सगळं हातचं जाणार होतं.

"बाबा, आत्ताच्या आत्ता जा, पाया पडतो तुह्या!"

तोडलेली वांगी बांधावर टाकून ते शाळेत गेले. साडेचारला फोन आला.

"गुरुजी इचारून राह्यले, दाखल्यावर शाळा काहून सोडली म्हून लिहू? मायचं दुखणं सांगू?"

"मायवर नको टाकू. पुढच्या शिक्षणासाठी म्हण."

मागून गुरुजी हसले. "सहा वर्सानं?"

"हो," बाबा त्यांना म्हणाले, "आता निंघाली ना."

दाखल्याचा फोटो आला, तेव्हा मी त्यावरची कारणाची ओळच पुन्हा पुन्हा वाचत राहिले; पाचच्या आत अर्ज त्या मुलीनंच पाठवला.